थ्रॉटल दिला की कट-कट आणि गाडी जागेवर: टामिया फ्रॉग, ब्रॅट, ब्लॅकफूट, मॉन्स्टर बीटलचा जुना आजार

टामिया या जपानी कंपनीच्या या रेडिओ कंट्रोलच्या मॉडेल गाड्या. लक्षण नेहमी सारखंच. सपाट जमिनीवर हळू चालवली की गाडी गुणी बाळासारखी चालते. थ्रॉटल एकदम ओढला, गवतात घातली किंवा चढ लागला की मागून कट-कट-कट, मोटर मोकळी सुटल्यासारखी ओरडते आणि गाडी जागेवर थरथरते. मग गियरबॉक्स उघडला जातो. दात शाबूत दिसतात, म्हणून ग्रीस लावून बंद होतो. पुढच्या बॅटरीला पुन्हा कट-कट.

या घराण्यातल्या जुन्या गाड्यांमध्ये दोष बहुतेक वेळा गियरमध्ये नसतो. तो गियरबॉक्स आणि चाक यांच्यामधल्या ड्राइव्हशाफ्टच्या टोकाला असतो. त्यात मेख अशी की एकाच नावाच्या दोन गाड्यांना ही टोकं वेगवेगळी असू शकतात. फ्रॉगचा उपाय विचारला तर आधी कोणती फ्रॉग, हे सांगावं लागतं.

आधी गाडी ओळखा

1983 मध्ये टामियाने सुबारू ब्रॅट (किट क्रमांक 58038) आणि फ्रॉग (58041) बाजारात आणल्या. एक पिकअप, दुसरी बग्गी. पण बॉडी उचलली की खाली सांगाडा एकच आणि मागे 540 मापाची मोटर बसणारा गियरबॉक्सही एकच. याच पायावर 1986 पासून पुढे ब्लॅकफूट (58058), मॉन्स्टर बीटल (58060) आणि मड ब्लास्टर आल्या. चाकं मोठी झाली, गाडी उंच झाली, पण गियरबॉक्सचं मूळ फ्रॉगचंच राहिलं. या सगळ्या मूळ गाड्यांत ड्राइव्हशाफ्टची दोन्ही टोकं षटकोनी असतात आणि ती षटकोनी खड्डा असलेल्या कपमध्ये बसतात. एक कप डिफरेन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरसंच, थोडक्यात डिफ) बाजूचा, दुसरा चाकाच्या अॅक्सलचा. यांना पुढे हेक्स म्हणू.

मग टामियाने याच गाड्या पुन्हा काढल्या: फ्रॉग 2005 मध्ये (58354), ब्रॅट 2007 मध्ये (58384), मॉन्स्टर बीटल 2015 मध्ये (58618) आणि ब्लॅकफूट 2016 मध्ये (58633). दिसायला त्याच, पण या री-रिलीजमध्ये हेक्स काढून टाकला आणि नेहमीचा डॉगबोन दिला. म्हणजे टोकाला गोळा, त्यातून आडवी गेलेली पिन, आणि ती पिन कपच्या दोन खाचांत अडकते. कंपनीने मूळ दुखणं ओळखलं होतं, हे यातूनच कळतं.

तेव्हा खोक्यावरचं नाव, विकणाऱ्याचा शब्द, प्लास्टिकवर उठवलेलं साल, यांतल्या कशावरही विसंबू नका. री-रिलीजचे बरेच भाग जुन्याच साच्यातून निघतात, त्यामुळे आत जुनं साल दिसलं तरी गाडी नवी असू शकते. उलटही होतं: अस्सल 1983 ची फ्रॉग, पण मधल्या कुणा मालकाने डॉगबोन बसवलेले. गाडी उलटी करा, मागचा आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) खाली ओढा आणि टॉर्च मारून शाफ्टचं टोक बघा. सहा कोपरे की आडवी पिन, एवढंच ठरवायचं आहे.

नावाचा आणखी एक चकवा आहे. मड ब्लास्टर 2 किंवा ब्लॅकफूट एक्स्ट्रीम ही नावं याच घराण्यातली वाटतात, पण त्या गाड्या वेगळ्या चेसिसवर आहेत. त्यांचे शाफ्ट मागवून इथे बसवायला जाऊ नका.

आणि ग्रासहॉपर (58043) किंवा हॉर्नेट (58045) हातात असेल तर तो वेगळाच विषय. दोन्ही 1984 च्या, आणि दोघींनाही हा आजार होऊच शकत नाही, कारण त्यांना मागे ड्राइव्हशाफ्टच नाहीत. अॅक्सल थेट गियरबॉक्समधून बाहेर येतात आणि अख्खा गियरबॉक्स सस्पेन्शनबरोबर वरखाली होतो. म्हणून त्या खडबडीत जागी बेडकासारख्या उड्या मारतात आणि नावाची फ्रॉग त्यांच्यापेक्षा शांत चालते. या दोन बहिणींत मुख्य फरक मोटरचा आणि बॉडीचा: ग्रासहॉपरला लहान 380 मोटर आणि कडक प्लास्टिकची बॉडी, हॉर्नेटला 540 मोटर आणि लवचीक पॉलीकार्बोनेटची. ग्रासहॉपरमध्ये 540 टाकल्यावर कट-कट सुरू झाली तर आधी पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गियर) तपासा. 380 चा शाफ्ट 2.3 मिमीचा आणि 540 चा 3.17 मिमीचा असतो, त्यामुळे जुना पिनियन नव्या मोटरवर बसतच नाही आणि घाईत भलताच लावला जातो.

दोष नेमका कुठे आहे, हे गियरबॉक्स न उघडता

लागतं काय, तर पांढरा किंवा चंदेरी मार्कर आणि दहा मिनिटं. बॅटरी काढा. मोटरच्या दोन्ही वायरी इएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) सोडवा आणि त्या दोन वायरींची टोकं एकमेकांना जोडा. इएससीला जोडलेल्या असताना हे करायचं नाही, तो जळेल. अशी शॉर्ट केलेली मोटर बाहेरून फिरवायला गेलं की ब्रेक लागल्यासारखी अडते, आणि आपल्याला तोच अडथळा हवा आहे. ब्रशलेस मोटर असेल तर तिन्ही वायरी एकत्र जोडायच्या.

आता मार्करने सहा खुणा करा. दोन्ही बाजूंना आतल्या कपपासून शाफ्टवर जाणारी एक सरळ रेघ, शाफ्टपासून बाहेरच्या कपवर जाणारी दुसरी, आणि अॅक्सलच्या टोकापासून चाकावर तिसरी. डावं चाक डाव्या हाताने घट्ट धरा आणि उजवं चाक पुढच्या दिशेने झटका देऊन फिरवा. मग हात बदला.

जिथली रेघ तुटली तिथे घसरण. आतल्या किंवा बाहेरच्या कपजवळ तुटली तर हेक्स गेला. चाकावरची तुटली तर शाफ्टची चूक नाही. चाकाचा नट ढिला आहे किंवा चाकाचा मधला भाग आतून झिजला आहे, आणि स्वस्तात सुटलात. सगळ्या रेघा जागेवर, तरी आवाज येतोय, तर आवाज गियरबॉक्सच्या आतला. अशा वेळी गियरबॉक्सचे दोन्ही अर्धे एका हाताने जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला चाक फिरवायला सांगा. दाबल्यावर आवाज बंद झाला तर गियरबॉक्सचं खोकं ताणाखाली फाकतंय आणि दात एकमेकांवरून उडतायत. दाबूनही चालूच राहिला तर पिनियनचा ग्रब स्क्रू (पिनियन शाफ्टवर पकडणारा, डोकं नसलेला बारीक स्क्रू) बघा. तो मोटरच्या शाफ्टच्या सपाट भागावर बसलेला हवा. 1.5 मिमीची अॅलन की लागते, आणि ती झिजलेली असली तर स्क्रू आवळल्यासारखा वाटतो, आवळला जात नाही.

ही चाचणी सोडून थेट पार्ट मागवू नका. चारपैकी एकच सांधा गेलेला असताना दोन्ही बाजूंचे जुने हेक्स शाफ्ट चढ्या भावाने घेतले जातात, आणि नवे शाफ्ट झिजलेल्या कपमध्ये बसून महिन्याभरात तसेच होतात.

हेक्स का घसरतो

शाफ्ट बाहेर काढून टोक उजेडात धरा. चांगल्या हेक्सचे कोपरे बोटाला टोचतात. झिजलेल्याचे कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झालेले असतात आणि प्रत्येक कोपऱ्याची एकच बाजू चकाकते. ही एक बाजू लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. कपमध्ये बघितलं तर कोपऱ्यांना ओरखडे आणि आत काळी, धातूच्या चुऱ्याची ग्रीस.

षटकोन सरळ रेषेत असेल तर त्याच्या सगळ्या बाजू मिळून जोर पेलतात. आर्म खाली गेला की शाफ्ट तिरका होतो आणि मग भार थोड्या कोपऱ्यांवर, तोही टोकाटोकाला येतो. वर त्या वेळी शाफ्ट कपमधून थोडा बाहेर सरकलेला असतो. तिरका आणि अर्धवट बसलेला, अशा नेमक्या क्षणी थ्रॉटल पडला की कोपरा छिलतो. प्रत्येक घसरणीत तो आणखी गोल होतो, म्हणून हा आजार आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो.

मोठ्या चाकांनी यात तेल ओतलं. टायर जमिनीला जेवढ्या जोराने ढकलतो, त्याला चाकाच्या त्रिज्येने गुणलं की शाफ्टवरचा पीळ मिळतो. त्रिज्या दीडपट केली की त्याच पकडीला शाफ्टवर दीडपट पीळ. फ्रॉगमध्ये बरीच वर्षं तग धरणारा हेक्स मॉन्स्टर बीटलमध्ये लवकर का मरतो, ते एवढंच आहे. त्यात जड चाक हवेत सुसाट फिरत असताना उडीवरून गाडी खाली आली, म्हणजे फिरतं चाक एका क्षणात जमिनीने धरलं, की तो सगळा झटका त्याच सहा कोपऱ्यांवर येतो. उडी मारल्यावर थ्रॉटल सोडायची सवय शाफ्टचं आयुष्य खरोखर वाढवते.

डिफ लॉक केलेली जुनी गाडी मिळाली तर आधी ते काढा. मोकळं डिफरेन्शियल पीळ दोन्ही शाफ्टवर वाटून देतं. आत एम-सील किंवा घट्ट पुटी भरून जाम केलेलं डिफ एक चाक हवेत असताना अख्खा जोर दुसऱ्या एकाच शाफ्टवर टाकतं. मातीत हे कसंबसं खपतं. काँक्रीटवर किंवा डांबरी रस्त्यावर नाही.

उरलेली दोन कारणं बघायची राहून जातात. एक बुश. जुन्या किटमध्ये बेअरिंगऐवजी साधे बुश, म्हणजे आत गोळ्या नसलेल्या कड्या, असत. ते झिजले की डिफचा कप आपल्या जागी डोलायला लागतो आणि हेक्स सरळ उभा असूनही तिरका चालतो. कप बोटाच्या चिमटीत धरून वरखाली हलवा. डोळ्याला दिसेल एवढा हलला तर नुसते शाफ्ट बदलून काही होणार नाही. दुसरं, गियरबॉक्सचे स्क्रू. प्लास्टिकमधले आटे गेले असतील तर स्क्रू फिरतच राहतो, अर्धे फाकतात आणि डिफ बाजूला सरकतं.

तात्पुरता उपाय: बाजू बदला

नवे पार्ट येईपर्यंत गाडी चालवायची असेल तर एक युक्ती आहे, आणि ती नेहमी चुकीची केली जाते. शाफ्ट उलटा करून, म्हणजे आतलं टोक बाहेर करून, त्याच बाजूला बसवला तर काही फरक पडत नाही. त्या टोकावर पीळ पूर्वी ज्या कडेवर येत होता त्याच कडेवर येतो. कागदावर बाण काढून बघा, पटेल. उपयोग होतो तो डावा शाफ्ट उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाकल्यावर, आतलं टोक आतच ठेवून. मग प्रत्येक कोपऱ्याची न झिजलेली बाजू कामाला लागते, कारण रिव्हर्सला गाडी फार चालत नाही. डिफचे कपही निघत असतील आणि दोन्ही सारखेच असतील तर त्यांचीही अदलाबदल करा. आधी दोन्ही शाफ्टची लांबी व्हर्नियरने मोजून सारखी असल्याची खात्री करा.

याने काही बॅटऱ्या निघतील. कोपरे दोन्ही बाजूंनी गोल झाले असतील तर तेही नाही.

फेविक्विकने हेक्स कपमध्ये चिकटवणं, कपमध्ये पत्र्याची चकती ठोकून बसवणं, वेल्डिंगचा ठिपका देऊन कानशीने कोपरे परत काढणं, हे सगळं करून झालेलं आहे लोकांचं. चिकटवलेला शाफ्ट आर्म हलला की निखळतो किंवा कप वाकवतो. पत्रा आत चुरा होऊन बेअरिंगमध्ये जातो. वेल्डिंगच्या आचेने आधीच लहान असलेल्या टोकाचं कडकपण जातं. वेळ फुकट.

कायमचा उपाय: तीनही भाग एकत्र बदला

जुन्या हेक्स गाडीला री-रिलीज फ्रॉगचे डॉगबोन बसवणं हा सगळ्यात सरळ रस्ता. इथे चूक एकच होते: नुसते डॉगबोन मागवले जातात. पिनवालं टोक षटकोनी खड्ड्यात बसत नाही. पाहिजे ते असं: डिफमधून बाहेर येणारे दोन खाचवाले कप, दोन डॉगबोन, आणि चाकाच्या बाजूचे दोन खाचवाले अॅक्सल. सहा नग. एकही कमी नको.

फ्रॉग आणि ब्रॅटला हे बसवताना फार डोकं लावावं लागत नाही. जुनी ब्लॅकफूट किंवा मॉन्स्टर बीटल असेल तर मागवण्याआधी आपला जुना अॅक्सल काढून मोजा: एकूण लांबी, बेअरिंग बसतं तिथला व्यास, आट्यांची लांबी, आणि चाक ज्या पिनवर किंवा हबवर अडकतं तिचं टोकापासूनचं अंतर. चाकं वेगळी आहेत, म्हणून हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. शक्य असेल तर मोठ्या चाकांच्या गाडीला मॉन्स्टर बीटल किंवा ब्लॅकफूटच्याच री-रिलीजचा अॅक्सल घ्या.

एमआयपी या अमेरिकन कंपनीचे सीव्हीडी शाफ्टही या घराण्यासाठी निघालेले आहेत. त्यांत बाहेरचा सांधा जोडलेलाच असतो, त्यामुळे तिकडून शाफ्ट सुटत नाही. मिळाले तर उत्तम, पण सौम्य 540 वर चालणाऱ्या गाडीला त्यांची गरज नाही. तो खर्च आधी बेअरिंगवर करा.

लेथवाल्याकडून करून घ्यायचा विचार असेल, आणि भोसरीच्या किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ओळख असली की तो येतोच, तर एक लक्षात ठेवा. बाहेरून षटकोन मिलिंगवर होतो, पण बंद खड्ड्यात आतून षटकोन नुसत्या लेथवर निघत नाही, त्याला ब्रोचिंग, म्हणजे दातेरी हत्याराने आतून खरवडणं, लागतं. नगाला किती सांगतील ते ऐकून तुम्हीच परत याल. त्यापेक्षा खाचेचा कप करायला सोपा: भोक पाडायचं आणि आरपार एक खाच मारायची. ईएन8 सारखं स्टील वापरायला सांगा. अॅल्युमिनियमचा कप चकचकीत दिसतो आणि पिन त्याला महिन्याभरात खाते. चित्र काढून न्या, जुना नग नमुन्याला न्या, आणि बेअरिंगच्या जागेचा व्यास मिलिमीटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून द्या.

उघडताना आणि जोडताना

टामियाचे फुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. घरातला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की उसळून बाहेर येतो आणि फुली खाऊन टाकतो. चाळीस वर्षांचा स्क्रू पहिल्या प्रयत्नात खाल्ला गेला की पुढचं सगळं ड्रिलने. जेआयएस स्क्रूड्रायव्हर एकदाच घ्यायचा असतो, घ्या.

गियरबॉक्स साफ करायला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. थिनर, पेट्रोल, ब्रेक क्लीनर प्लास्टिकला लावू नका. गियर आणि धातूचे भाग वेगळे करून रॉकेलने धुतले तर चालतात.

परत जोडताना प्लास्टिकमधला प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. अर्ध्या-एक फेरीत बारीकसा टक् जाणवतो: स्क्रू जुन्या आट्यात पडला. मग आवळा. टक् न करता सरळ आवळला की तो नवे आटे पाडतो, आणि तीन-चार वेळा उघडझाक झाली की भोकात प्लास्टिकच उरत नाही. आटे आधीच गेले असतील आणि मागे जागा असेल तर थोडा लांब स्क्रू. जागा नसेल तर भोक भरायला लागेल. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात अॅसिटोनचा एक थेंब टाकून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते एबीएस, मग किटच्या उरलेल्या स्प्रूचे (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे) तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट भोकात भरा, दोन दिवस वाळू द्या, 2.5 मिमी ड्रिलने नवं भोक पाडा. काहीच झालं नाही तर ते नायलॉनसारखं प्लास्टिक. त्यावर ही पेस्ट धरणार नाही, तिथे आरपार बोल्ट आणि नायलॉक नट हाच उपाय. थ्रेडलॉक मात्र प्लास्टिकजवळ न्यायचंच नाही. ते एबीएसला चिरा पाडतं, आणि चिरा लगेच नाही, आठवड्याने दिसतात.

बुश काढून बेअरिंग घाला. घराण्यात बऱ्याच ठिकाणी 5×11×4 मिमीचं बेअरिंग लागतं, पण सगळीकडे नाही, म्हणून जुना बुश मोजूनच यादी करा. रबर सीलची घ्या. धातूच्या शील्डची बेअरिंग मातीत लवकर खरखरतात.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा. नवे शाफ्ट बसवले, डँपर (शॉक अॅब्सॉर्बर) एका टोकाने सोडवले, आणि आर्म हाताने पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत हळूहळू नेला. दोन गोष्टी बघायच्या. प्रवासात कुठेतरी शाफ्टला जवळपास काहीच आडवा खेळ उरत नाही असा एक बिंदू येतो. तिथेही मिलिमीटरभर खेळ हवा, नाहीतर शाफ्ट दोन्ही कपना बाहेर ढकलतो आणि बेअरिंग मरतात. खेळ तीन-चार मिलिमीटर असेल तर कपच्या तळाशी फोमची गोल चकती किंवा लहान ओ-रिंग टाका, म्हणजे शाफ्ट मध्यावर राहील. फोम दाबला जाणारा हवा. कडक रबर भरलं की परत तोच ढकलण्याचा प्रकार.

दुसरं, आर्म पूर्ण खाली लटकलेला असताना टोक कपमध्ये किती उरतं. पिन खाचेच्या काठावर आली असेल किंवा हेक्सचा अर्धाच भाग आत असेल, तर आर्मचा खालचा प्रवास कमी करायलाच हवा. तेलाचा डँपर असेल तर उघडून दांड्यावर, पिस्टन आणि सील यांच्यामध्ये, 2 ते 4 मिमीचा स्पेसर टाका. इंधनाच्या सिलिकॉन नळीचा तुकडा चालतो. डँपर उघडायचा नसेल तर आर्म आणि सांगाडा यांच्यात नायलॉनचा केबल टाय सैल बांधा, लटकताना ताणला जाईल आणि दाबताना मोकळा राहील एवढा. दिसायला ओबडधोबड, पण शाफ्ट सुटणं थांबतं. ज्यांना मूळ हेक्सच ठेवायचा आहे त्यांच्यासाठी तर हा एकच बदल बाकी सगळ्यापेक्षा जास्त कामाचा.

ग्रीस डिफमध्ये आणि गियरवर सिरॅमिक किंवा लिथियमची, पातळ थर. कपमध्ये मात्र जवळपास कोरडं ठेवा. उघड्या सांध्यातली ग्रीस वाळू धरते आणि ती पॉलिश पेपरचं काम करते.

री-रिलीजलाही कट-कट येते तेव्हा

डॉगबोन आहे म्हणजे सुटलो असं नाही, फक्त कारणांचा क्रम बदलतो. इथे आधी पिनियनचा ग्रब स्क्रू, मग चाकाचा नट, मग खोक्याचे स्क्रू, आणि शेवटी शाफ्ट. डॉगबोनच्या पिनवर दोन्ही बाजूंना नखाने जाणवेल अशी खोबण पडली असेल तर तो बदला. कपची खाच कडेला फाकून इंग्रजी व्ही सारखी दिसत असेल तर कपही. एकेक बदलू नका. नवी पिन जुन्या खाचेत लवकर खोबण पाडून घेते.

मोटर आणि बॅटरी

ही गाडी 7.2 व्होल्टच्या सहा सेलच्या पॅकसाठी आणि साध्या 540 साठी बनली. पूर्ण चार्ज झालेली दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) आणि सहा सेलची एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) कागदावर जवळपास सारख्याच व्होल्टेजला असतात. फरक भाराखाली दिसतो: एनआयएमएच खाली बसते, लायपो बसत नाही, आणि थ्रॉटलचा पहिला झटका पूर्ण जोराने शाफ्टवर जातो. या गियरबॉक्समध्ये स्लिपर क्लच नाही, म्हणजे तो झटका वाटेत कुठेच मुरत नाही. इएससीत पंच किंवा सुरुवातीच्या वेगाचं सेटिंग असेल तर सगळ्यात खालचं ठेवा. लायपो वापरताना इएससीला कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय नसेल तर वेगळा अलार्म लावा, सेल 3.2 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका.

हेक्स शाफ्टच्या गाडीत ब्रशलेस टाकू नका. डॉगबोन केल्यावरही मोठ्या चाकांच्या गाडीत गरम वाइंडची, म्हणजे जास्त वेगाची, मोटर टाकली की पुढची कमजोर कडी डिफमधले बेव्हल गियर, आणि त्यांची खटखट शाफ्टपेक्षा महाग पडते.

जोडून झाल्यावर मार्करच्या सहाही रेघा पुन्हा काढा आणि पहिल्या दोन बॅटऱ्या अर्ध्या थ्रॉटलवर, मातीत चालवा. मग गाडी उलटी करून रेघा बघा, खोक्याचे स्क्रू टक् करून पुन्हा हाताला लावून बघा. काढलेले हेक्स शाफ्ट आणि कप टाकून देऊ नका. तेलाचं बोट फिरवून, डावा-उजवा लिहून, झिपच्या पिशवीत गाडीच्या खोक्यातच ठेवा. 1983 ची गाडी पुढे कुणी घेणारा भेटला तर तो पहिल्यांदा तेच विचारेल.